ताप किती चढतो आणि कुठे थांबतो



गेल्या आषाढातली गोष्ट. पाऊस लागला की आमचे तोंडवली दोन पाण्यांच्या मध्ये उभे असल्यासारखे वाटते. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी. अशा एका संध्याकाळी जवळच्या वाडीतून बोलावणे आले. साडेतीन वर्षांचा मुलगा, सकाळपासून तापलेला. दारे-खिडक्या बंद, अंगावर दोन गोधड्या आणि वर आजीची चादर, कपाळावर कोलन वॉटरची घडी. थर्मामीटर १०४ दाखवत होता. मुलाची आई रडत नव्हती, पण तिची नजर त्या आकड्यावरून हलत नव्हती. ती म्हणाली, "सिस्टर, सकाळी १०१ होतो, दुपारी १०३, आता १०४. असोच चढत रवलो तर खंयपर्यंत जातलो?"

परिचारिका म्हणून इतकी वर्षे काढली, पण हा प्रश्न इतक्या सरळ शब्दांत मला कोणी विचारला नव्हता. लोक विचारतात, औषध काय द्यायचे. मनात मात्र सगळ्यांच्या हेच असते, की ताप म्हणजे चुलीवर उतू जाणारे दूध आहे. आपण धावून उतरवले नाही तर ते थांबणार नाही. मी तिला म्हटले, "तसा तो अमर्याद चढत नाही. शरीरच त्याला अडवते." एवढ्याने तिचे समाधान झाले नसावे. तिच्यासाठी, आणि आपल्या मंडळ्यांतून जे भाऊबहिणी कातकरी वाड्यांवर औषधपेटी घेऊन जातात त्यांच्यासाठी, हे थोडे सविस्तर लिहिते.

आपल्या मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग आहे. शरीराची ऊब किती ठेवायची हे तो ठरवतो. निरोगी माणसात ती ९८.६ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पहाटे थोडी कमी, संध्याकाळी अर्धा-एक अंश जास्त. हा ३७ चा आकडा जर्मनीतील कार्ल वुंडरलिख या वैद्याने १८६८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे जगभर रूढ झाला. त्याच्या काळातला थर्मामीटर फूटभर लांब होता आणि ताप मोजायला पंधरा-वीस मिनिटे लागत. त्याआधीची हजारो वर्षे ताप हाताच्या स्पर्शानेच ओळखला जाई. शिमोनाच्या सासूच्या तापाची हकिकत तीन शुभवर्तमानांत आहे, पण तो ताप मोठा होता ही नोंद एकटा लूक करतो. तो वैद्य होता. थर्मामीटर नसतानाही मोठा ताप आणि साधा ताप असा भेद वैद्य करत असत, आणि तो बहुधा रुग्णाकडे पाहूनच करत असावेत.

आता ताप येतो कसा ते पाहू. जंतू शरीरात शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांच्याशी भिडतात आणि त्याच वेळी रक्तात काही संदेशवाहक प्रथिने सोडतात. त्यांचा निरोप मेंदूपर्यंत पोचला की तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होते आणि हायपोथॅलॅमस आपली खूण वर सरकवतो. समजा, ३७ ची खूण त्याने ३९ वर नेली. रक्त तर अजून ३७ वरच आहे. म्हणजे शरीराच्या हिशेबाने आता आपण दोन अंशांनी गार पडलो आहोत. म्हणून माणसाला थंडी वाजते. हातपाय गार पडतात, कारण कातडीकडचे रक्त आत ओढले जाते. अंगावर काटा येतो, दात वाजतात, हुडहुडी भरते. थरथरणाऱ्या स्नायूंतून उष्णता तयार होते. माणूस पाय पोटाशी घेऊन गोधडी मागतो. आपल्या जुन्या माणसांनी मलेरियाला हिवताप हे नाव दिले, त्यात हीव आधी आणि ताप मागून. तेच खरे आहे. थंडी वाजत असते तेव्हा ताप चढत असतो.

रक्त त्या नव्या खुणेपर्यंत पोचले की थंडी थांबते. अंग गरम असते, पण माणसाला गारही वाटत नाही आणि फार उकडतही नाही. पुढे जंतूंचा जोर ओसरला, किंवा पॅरासिटामॉलची गोळी दिली, की प्रोस्टाग्लँडिन कमी होते आणि खूण खाली येते. आता रक्त खुणेपेक्षा गरम ठरते. मग कातडी लाल होते, घाम सुटतो, पांघरूण भिरकावले जाते. आपल्याकडे घाम यावा म्हणून रुग्णाला जाड पांघरुणात गुंडाळून ठेवतात. पण खूण खाली आली म्हणून घाम येतो. पांघरुणातून काढलेला घाम ती खूण खाली आणत नाही, उलट शरीराला उष्णता बाहेर टाकायची असते तेव्हा जाड गोधडी तिची वाट अडवते.

हे सगळे शरीर मुद्दाम करते का, की हा नुसता बिघाड? १९७५ साली अमेरिकेत मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी वाळवंटातले सरडे घेतले. सरड्याला स्वतःची ऊब तयार करता येत नाही; कुंपणावर उन्हात बसून तो अंग तापवतो. जंतुसंसर्ग झालेले सरडे आपणहून जास्त ऊन असलेल्या जागी जाऊन बसतात असे आधीच दिसले होते. मग अशा सरड्यांना वेगवेगळ्या ठरावीक तापमानांत ठेवले. जे गरम जागेत होते त्यांतले जास्त जगले, जे थंड जागेत होते त्यांतले जास्त मेले. अनेक जंतूंची वाढ वाढलेल्या उष्णतेत मंदावते आणि पांढऱ्या पेशी अधिक चपळ होतात. म्हणजे ताप हा लढाईचाच एक भाग आहे.

पण ही लढाई फुकट होत नाही. तापमान एक अंश सेल्सिअस वाढले की शरीराचा इंधनखर्च सुमारे १० ते १२ टक्क्यांनी वाढतो. पाणी जास्त जाते, हृदय जोरात धावते. खर्च असा वाढत जाणार असेल तर त्याला लगामही हवा, आणि आईच्या प्रश्नाचे उत्तर या लगामात आहे.

१९४९ साली यूजीन ड्युबॉइस या अमेरिकन संशोधकाने नेमका हाच प्रश्न आपल्या लेखाचा मथळा केला होता: १०६ अंशांवरचे ताप इतके विरळ का? रुग्णालयात हजारो ताप पाहणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात आले होते, की जंतू कोणताही असो, ताप १०४, १०५ पर्यंत जातो आणि १०६ च्या, म्हणजे सुमारे ४१ अंश सेल्सिअसच्या उंबऱ्याशी अडतो. रोग वेगवेगळे, माणसे वेगवेगळी, पण उंबरा तोच. त्या अर्थी तो उंबरा रोगाने नव्हे, शरीराने बसवलेला असणार.

त्यानंतरच्या संशोधनातून या उंबऱ्याच्या काही चिरा सापडल्या. ज्या संदेशवाहकांनी ताप चढवण्याचा निरोप नेला त्यांच्या पाठोपाठ शरीर त्यांना शांत करणारे दुसरे संदेशवाहकही सोडते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून कॉर्टिसोल सुटते आणि ते पांढऱ्या पेशींना आवर घालते. मेंदूतच तयार होणारे व्हॅसोप्रेसिन नावाचे द्रव्य एरवी शरीरातले पाणी राखण्याचे काम करते. ते मेंदूच्या एका भागात थेट ताप उतरवण्याचेही काम करते. ज्या द्रव्यामुळे त्वचेला रंग येतो त्याच्या कुळातले एक द्रव्यही तापाला आवर घालते. शिवाय हायपोथॅलॅमसमधल्या ज्या चेतापेशी ही खूण सांभाळतात त्या स्वतःच ४१-४२ अंशांच्या आसपास आणखी वरची खूण धरू शकत नाहीत, असेही एक कारण दिले जाते. पॅरासिटामॉल बाजारात येण्याच्या कितीतरी आधीपासून शरीराकडे स्वतःची ताप उतरवणारी औषधपेटी आहे, असे म्हणायला हरकत नाही.

व्हॅसोप्रेसिनचा शोध मेंढ्यांमुळे लागला हे मला फार आवडते. १९७० च्या दशकात कॅनडात कॅल्गरी येथे संशोधकांना दिसले, की विण्याच्या तोंडावर असलेल्या मेंढीला जंतूंचे विष टोचले तरी ताप येत नाही. विल्यानंतर काही काळाने तिला पुन्हा नेहमीसारखा ताप येऊ लागतो. नुकत्याच जन्मलेल्या कोकरालाही सुरुवातीला ताप येत नाही. जन्माच्या वेळी हा लगाम इतका घट्ट आवळलेला असतो. या कोकराकडे पुढे परत यायचे आहे, ते लक्षात ठेवावे.

"ताप मेंदूत गेला" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. मेंदूला इजा होते ती मेंदूज्वर, मेंदूचा मलेरिया अशा रोगांमुळे, म्हणजे जंतूंमुळे आणि सुजेमुळे. १०३-१०४ च्या आकड्यामुळे नाही. लहान मुलांना तापात झटका येतो त्याचीही भीती मोठी असते. ६ महिने ते ५ वर्षे या वयात १०० पैकी २ ते ५ मुलांना असा झटका कधीतरी येतो. पाहणाऱ्याचा जीव जातो, पण बहुतेक वेळा तो एक-दोन मिनिटांत थांबतो आणि मागे काही ठेवत नाही. मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा, पाणी काही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. झटका ५ मिनिटांहून लांबला तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. लवकर थांबला तरी पहिल्या झटक्यानंतर डॉक्टरांना दाखवावेच.

शरीराने बसवलेला हा उंबरा एका ठिकाणी मात्र मोडतो, आणि ते ठिकाण कातकरी कुटुंबांच्या रोजच्या ओळखीचे आहे. चैत्र-वैशाखात ही माणसे कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर असतात. वर ऊन, समोर आग, अंगमेहनत आणि प्यायला पाणी कमी. त्यात अंग तापून माणूस बरळू लागला, धडपडला, तर तो ताप नव्हे, उष्माघात आहे. खाडीत नांगरलेली होडी भरतीला वर येते, पण दोराच्या लांबीपलीकडे जात नाही. जंतूंचा ताप तसा. उष्माघातात दोरच तुटलेला असतो. मेंदूची खूण ३७ वरच असते, शरीर घामाने, धापांनी उष्णता टाकायची धडपड करत असते, पण बाहेरची उष्णता त्याला हरवते. तिथे तापमान १०६ ओलांडून पुढे जाते आणि दर मिनिटाला इजा होते. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, कारण ती गोळी खूण खाली आणते आणि खूण मुळात वर गेलेलीच नसते. माणसाला सावलीत न्यावे, कपडे सैल करावे, अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि गाडी बोलवावी. जंतूंच्या तापात जे गार पाणी टाळायचे, कारण त्याने हुडहुडी भरून ताप उलट वाढतो, तेच गार पाणी उष्माघातात प्राण वाचवते.

आता दुसरी बाजू. आकडा वर गेल्याची जी भीती आपल्याला वाटते, तिच्याच पोटी आकडा खाली आल्यावरचा निर्धास्तपणा येतो. माझ्या मते सिंधुदुर्गात तो जास्त घातक आहे. भातलावणीच्या दिवसांत ताप आला की मजूर एक सुई मारून घेतो, ताप उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी तो परत चिखलात उभा असतो. खाडा परवडत नाही. त्याला नावे ठेवायचा अधिकार मला नाही. पण आपल्या जिल्ह्यात त्याच चिखलात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असतात. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून ते पाण्यात येतात आणि पायाच्या चिरांतून शरीरात शिरतात. या रोगात पहिला ताप काही दिवसांनी आपोआप उतरू शकतो, एक-दोन दिवस बरे वाटते, आणि मग काही जणांत दुसरा टप्पा येतो: कावीळ, लघवी कमी होणे, धाप. पोटऱ्या विलक्षण दुखणे आणि डोळे लाल होणे या आधीच्या खुणा आहेत. वेळेवर साधी प्रतिजैविके मिळाली तर माणूस बरा होतो. पावसाळ्यात आरोग्य विभाग शेतात उतरणाऱ्यांना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतो त्या याचसाठी. त्या माळ्यावर ठेवण्यासाठी नाहीत.

माकडताप असाच फसवा आहे. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात तो प्रथम ओळखला गेला, आणि २०१६ पासून आपल्या दोडामार्ग तालुक्यात आणि पुढे बांद्याच्या बाजूला काजूच्या बागांत जाणाऱ्यांनी तो सोसला आहे. गोचिडीच्या चाव्यातून तो येतो. त्यातही काही रुग्णांना ताप उतरून आठवडा-दोन आठवडे बरे वाटल्यावर पुन्हा ताप, डोकेदुखी, थरथर सुरू होते. डेंगीत तर धोक्याचे दिवस ताप उतरू लागतो तेव्हाच सुरू होतात. पोटात जोराची कळ, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, अंग गार आणि चिकट, ही लक्षणे ताप नसताना दिसली तर तासभरही थांबू नये. म्हणूनच पावसाळी तापात अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. डेंगीत त्या रक्तस्राव वाढवतात.

आता त्या कोकराकडे येते. नवजात बाळाचा तापाचा लगाम आवळलेला असतो, आणि ऊब तयार करायची त्याची ताकदही थोडी असते. मोठा संसर्ग झाला तरी त्याचे अंग तापेलच असे नाही. कित्येकदा ते गार पडते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले, आणि घरोघर बाळांची काळजी घेऊन नवजात मृत्यू निम्म्याहून कमी करता येतात हे १९९९ साली जगापुढे मांडले. त्या आरोग्यदूतांना जंतुसंसर्ग ओळखण्याच्या ज्या खुणा शिकवल्या त्यांत अंग गरम लागणे आणि अंग थंड लागणे, दोन्ही एकाच ओळीत आहेत. सोबत रडणे क्षीण होणे, अंगावर पिणे सोडणे, मलूल पडणे, छाती आत ओढली जाणे.

कुपोषित मुलाचेही असेच. ताप पेटवायला इंधन लागते आणि त्याच्याजवळ ते नसते. न्यूमोनिया झालेले अतिकुपोषित मूल ९८ वर शांत पडून राहू शकते. तोंडवलीतला तो मुलगा १०४ ला फणफणला होता, कारण त्याच्या शरीरात फणफणण्याएवढी ताकद होती. वाडीवर एखादे मूल चार दिवस कोपऱ्यात पडून असते, आई म्हणते ताप नाही, आणि आपणही कपाळाला हात लावून पुढच्या झोपडीत जातो. मी स्वतः तरुणपणी असे केलेले आहे, ते मला आजही टोचते. तेव्हापासून मी कपाळाला हात लावण्याआधी मुलाचा सदरा वर करते आणि घड्याळ हातात घेऊन पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. २ महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा त्याहून अधिक, २ महिने ते १ वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, १ ते ५ वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर थर्मामीटर काहीही सांगो, मुलाला न्यायचे. २ महिन्यांखालील बाळाचे अंग गरम लागले किंवा गार लागले, तरी न्यायचे. मोठ्या मुलांत मान ताठ होणे, न उठणे, काहीच न पिणे, सहा-आठ तास लघवी न होणे, ताप तीन दिवसांवर जाणे, यांतले एकही पुरे आहे.

बाकी तापात फार काही करावे लागत नाही. पातळ कपडे, हवा येऊ द्यावी. थंडी वाजत असेल तेवढा वेळ एक पांघरूण, थंडी थांबली की काढावे. मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज थोडी थोडी, सारखी. आपल्या आज्यांनी तापात पेज दिली ती उगाच नाही: पाणी, मीठ आणि इंधन एकाच वाटीत. लहान बाळाला अंगावरचे दूध अधिक वेळा. मूल कण्हत असेल, झोपत नसेल, तर पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत निदान ४ ते ६ तासांचे अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. ती मुलाला बरे वाटावे म्हणून द्यायची, आकडा ९८ वर आणण्यासाठी नव्हे. मूल १०२ ताप असूनही खेळत असेल तर त्याला खेळू द्यावे.

त्या संध्याकाळी मी मुलाचे श्वास मोजले, ३४ भरले. मान हलवून पाहिली, सहज वळली. दोन्ही गोधड्या काढल्या तशी आजी माझ्यावर रागावली, "वारो लागात पोराक." खिडकीचे एक दार तेवढे उघडायला ती तयार झाली. गोळीचा अर्धा तुकडा पाण्यात विरघळवून दिला. तासाभराने घाम सुटला, १०१ झाला. आई आकड्याकडे पाहून हसली, तेव्हा मी तिला म्हटले, "आता ह्याच्याकडे बघू नको, त्याच्याकडे बघ." मुलगा उठून बसला होता आणि पेजेबरोबर सुका बांगडा मागत होता.